टेकूच्या पलीकडे : मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, फोर्ट, मुंबई.

विषय : जुन्या इमारतींची आतून पुनर्रचना – परवानगी, पद्धत आणि पाठबळ

माननीय आयुक्त,

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत दोन याद्या लागतात. एक महापालिकेची, अतिधोकादायक म्हणजे ‘सी-१’ ठरलेल्या इमारतींची. दुसरी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची, उपकरप्राप्त इमारतींपैकी धोकादायक ठरलेल्यांची. त्या लागल्या की गिरगाव, काळबादेवी, भायखळा, लालबागच्या घराघरांत दुसरा विषय उरत नाही. ज्यांच्या इमारतीचे नाव यादीत असते ते संक्रमण शिबिराची चौकशी सुरू करतात; ज्यांचे नसते ते जिन्याखाली लावलेल्या टेकूंकडे पुन्हा एकदा निरखून पाहतात.

या सगळ्या चर्चेत दोनच वाटा गृहीत धरलेल्या असतात. इमारत पाडून तिथे टॉवर उभा करायचा, नाहीतर टेकूंच्या भरवशावर आणखी एक पावसाळा काढायचा. तिसरी वाटही आहे: सांगाडा नीट दुरुस्त करायचा आणि आतली मांडणी आजच्या गरजा ओळखून, विचारपूर्वक नव्याने करायची. मुंबईतल्या काही इमारतींनी ही वाट चालून दाखवली आहे. ती साध्या भाडेकरूला, छोट्या दुकानदाराला आणि लहान सोसायटीलाही खुली व्हावी, यासाठी महापालिकेला काय करता येईल, हे मांडण्यासाठी हे पत्र.

आधी प्रश्नाचा आवाका. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा झाला आणि उपकर सुरू झाला, तेव्हा बेटावरच्या मुंबईत १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. आज त्यांतल्या १३,०००हून अधिक उभ्या आहेत. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांत सहा-साडेसहा हजार इमारती यादीतून कमी झाल्या. त्याच गतीने गेले तर उरलेल्यांचा पुनर्विकास पुरा व्हायला शंभर वर्षे लागतील. गती दुप्पट केली तरी पन्नास. तोपर्यंत त्या इमारतींत माणसे राहणार आहेत, दुकाने चालणार आहेत, मुले अभ्यास करणार आहेत आणि प्रत्येक पिढी आपापल्या ऐपतीप्रमाणे घर आतून बदलत राहणार आहे. हे बदल होणारच आहेत. ते कसे व्हावेत, हे सांगणारे मात्र कुणी नाही.

यातल्या बऱ्याच इमारतींत विटांच्या जाड भिंती चुन्यात रचलेल्या आहेत. त्यांवर बर्मा सागाच्या तुळया, तुळयांवर वासे आणि फळ्या. कुठे लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी. चाळींत लाकडी खांबांचा सांगाडा आणि पुढे कठड्याची गॅलरी. त्यानंतरच्या, १९३० व १९४०च्या दशकांतल्या ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, माटुंगा आणि शिवाजी पार्कच्या आर्ट डेको इमारती आरसीसीच्या. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या कारणांनी झिजतात, म्हणून त्यांची दुरुस्तीही वेगवेगळ्या हातांनी व्हावी लागते.

चुन्याची भिंत ओलावा घेते आणि सोडते. पावसात भिजली तरी ऑक्टोबरच्या उन्हात ती सुकते. अशा भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की सुकण्याची वाट बंद होते. ओलावा आत अडकतो, क्षार साठतात, त्यांचे स्फटिक गिलाव्याला मागून ढकलतात आणि विटेचा भुगा होऊ लागतो. घर नवेकोरे दिसत असते, तेव्हाच भिंत भुसभुशीत होत असते. अशा ओल्या भिंतीत तुळईचे टोक रुतलेले असेल तर ते कुजते. मोरी आणि संडासाच्या बाजूला हे सर्वांत आधी घडते. तुळई मधोमध ठणठणीत, टोकाला पोकळ, अशी अवस्था जुन्या इमारतींत सर्रास आढळते. मग पूर्ण मजला धोकादायक ठरतो. वास्तविक अशा वेळी कुजलेले टोक कापून तिथे नव्या सागाचा जोड देता येतो, किंवा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बसवून तुळई पुन्हा कामाला लावता येते. हे काम जाणणारे सुतार आणि अभियंते मुंबईत आहेत. थोडे आहेत, पण आहेत.

दुसरा मुद्दा वजनाचा. लाकडी मजल्यावर नवी टाइल बसवताना खाली पाच सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा थर घातला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० किलो भार वाढतो. दहा चौरस मीटरच्या खोलीत एक टन. आपल्या भारतीय मानकानुसार राहत्या खोलीत माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरमागे साधारण २०० किलो वापरभार धरला जातो. त्यातला निम्मा कुटुंब घरात पाऊल टाकण्याआधीच टाइलखालच्या थराने खाल्लेला असतो. त्यावर नवे स्नानगृह, त्याच्या वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा, ग्रॅनाइटचा ओटा आणि हजार लिटरची टाकी. एकेक बदल क्षुल्लक वाटतो, पण चार मजल्यांवर चार कुटुंबांनी वीस वर्षांत केलेले असे बदल एकाच तुळईवर येऊन पडतात.

अशा कामांना परवानगी लागते का? बहुतेकदा नाही. ‘टेनंटेबल रिपेअर’ म्हणून गिलावा, रंग, फरशी बदलणे यांसारख्या कामांना महापालिका कायद्यात परवानगीतून सूट आहे. रहिवाशाला प्रत्येक खिळ्यासाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालायला लागू नयेत, ही त्यामागची भावना रास्त आहे. पण आरसीसी स्लॅबवर फरशी बदलणे आणि शंभर वर्षांच्या लाकडी मजल्यावर फरशी बदलणे ही दोन निराळी कामे आहेत. नियम दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतो.

तिसरा मुद्दा हवेचा. बारा-चौदा फूट उंचीच्या खोल्या, दारांवरच्या झडपा, भिंतीच्या वरच्या भागातले व्हेंटिलेटर, मधला चौक आणि मागची गॅलरी या सगळ्यांची मिळून एक व्यवस्था आहे. गरम हवा वर जाते, व्हेंटिलेटरमधून बाहेर पडते आणि चौकाच्या बाजूने थंड हवा आत येते. नव्या अंतर्गत सजावटीत पहिला घाव नेमका इथे बसतो. फॉल्स सीलिंग खाली येते, व्हेंटिलेटर झाकले जातात, चौकावर पत्रा पडतो. खोली कोंदट झाली की एसी आवश्यक ठरतो आणि त्याचा बाहेरचा भाग दर्शनी भिंतीला किंवा सज्ज्याला टांगला जातो. फॉल्स सीलिंगचा त्याहून मोठा तोटा असा, की वरच्या घरातून झिरपणारे पाणी कुणाच्या दृष्टीस पडत नाही. तुळई कुजते आहे हे कळायला ती उघडी दिसावी लागते.

आतल्या बदलांमुळे काय होऊ शकते, हे मुंबईने पाहिले आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ती इमारत शंभर वर्षांचीही नव्हती आणि उपकरप्राप्तही नव्हती. त्याच वर्षी २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. कापड गिरणीचे आवार कार्यालये आणि हॉटेलांसाठी वापरात आले होते. पण गच्चीवर ज्वलनशील आच्छादने होती आणि सुटकेच्या वाटा अपुऱ्या. जुन्या वास्तूला नवा वापर देणे आणि तिच्यात नवी सजावट कोंबणे यांतला फरक या दोन घटनांनी मोठी किंमत घेऊन दाखवला.

आता चांगली उदाहरणे. ती दूर नाहीत. आपल्या मुख्यालयापासून फार अंतरावर जावे लागत नाही.

रीगल सिनेमाच्या चौकात १९११ सालचा सर कावसजी जहांगीर हॉल आहे. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. एके काळी सभा आणि मैफलींनी गाजणारे हे सभागृह पुढे अवकळेला आले. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलाक्षेत्रातल्या इतरांनी त्याचे कलादालन व्हावे म्हणून पाठपुरावा केला. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी आतली रचना नव्याने आखली आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. बाहेरून आजही ती विटेटचीच दगडी इमारत आहे. आत मात्र एका मोठ्या हॉलच्या जागी एकावर एक चढत जाणारी दालने आहेत, त्यांना जोडणारे जिने आहेत आणि सर्वांत वर घुमटाखालचे दालन. आतली रचना पूर्णपणे विसाव्या शतकाच्या अखेरची आहे आणि ती तसे लपवतही नाही. जुन्या वास्तूत आधुनिक अंतरंग बसवताना जुन्याची नक्कल करावी लागत नाही, हे इथे कोणालाही तिकीट काढून पाहता येते.

राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तर आपल्याच महापालिकेचे. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय २००० सालाच्या सुमारास दयनीय अवस्थेत होते. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक ही वारसा-संवर्धन संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी काम पाहिले आणि त्याला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. महापालिका, तज्ज्ञ आणि दाता एका कागदावर सही करून पाच वर्षांत एवढे काम उभे करू शकतात, हा त्यातला प्रशासकीय धडा. तो नंतर पुरेशा वेळा गिरवला गेला नाही.

रॉयल ऑपेरा हाउसचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या भेटीत उद्घाटन झालेले हे नाट्यगृह पुढे चित्रपटगृह झाले, १९९३ मध्ये बंद पडले आणि तब्बल तेवीस वर्षे बंद राहिले. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचे काम झाले आणि २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. सोनेरी नक्षी आणि झुंबरांचे कौतुक सगळ्यांनी केले. पण आजच्या प्रयोगाला लागणारी ध्वनियंत्रणा, वातानुकूलन आणि अग्निसुरक्षा त्या नक्षीला धक्का न लावता बसवणे हे त्यातले खरे कौशल्य. बंद वास्तू सुंदर करून पुन्हा बंद ठेवण्यात अर्थ नव्हता. तिथे प्रयोग व्हावे लागणार होते.

व्यापारी वापराचीही उदाहरणे आहेत. फ्लोरा फाउंटनजवळच्या सोमय्या भवनात २०११ मध्ये ‘किताबखाना’ सुरू झाले. जुने खांब, उंच छत आणि लाकडी माळा यांचा मान राखून सजवलेले हे पुस्तकांचे दुकान डिसेंबर २०२० मध्ये आगीत सापडले आणि काही महिन्यांत पुन्हा उभे राहिले. १९३८चे इरॉस चित्रपटगृह काही वर्षे बंद होते. २०२४ मध्ये ते नव्या मोठ्या पडद्यासह उघडले. बाहेरचा आर्ट डेको घाट राहिला, प्रेक्षागृह मात्र पार बदलले. या बदलाबद्दल वास्तुप्रेमींमध्ये मतभेद आहेत. ते योग्यच आहेत, कारण ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाल्यावर दर्शनी भाग जपणे पुरेसे आहे का, हा प्रश्न मुंबईला टाळता येणार नाही. जिन्याचा कठडा, टेराझोची फरशी, कोरीव काच, लाकडी लिफ्ट हे सगळे इमारतीच्या आतच असते आणि त्याची नोंद कुठेच नसते. एका रात्रीत ते भंगारात जाते. बर्मा सागाची दारे चोर बाजारात किंवा जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत विकत मिळतात, ती याच इमारतींतून आलेली असतात.

वरची बहुतेक उदाहरणे संस्थांची, दात्यांची किंवा मोठ्या कंपन्यांची आहेत. सामान्य माणसाच्या घराचे काय, हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर देताना प्रामाणिक राहायला हवे. प्रत्येक जुनी इमारत वाचवता येणार नाही, वाचवूही नये. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सामाईक संडास वापरत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला अंतर्गत सजावटीचे महत्त्व सांगणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तो त्यांचा हक्क होता. पण सगळ्या जुन्या इमारती बीडीडी चाळी नाहीत. गिरगाव, दादर, माटुंगा, फोर्टमध्ये चारशे, सहाशे, हजार चौरस फुटांची घरे आणि गाळे असलेल्या हजारो इमारती आहेत. तिथे जागा पुरेशी आहे. कमतरता आहे ती चांगल्या स्नानगृहाची, सुरक्षित वायरिंगची, लिफ्टची आणि गळत नसलेल्या छताची.

हे सगळे जुन्या सांगाड्यात करता येते. सर्व मजल्यांची स्नानगृहे एकाखाली एक, मागच्या शाफ्टला लागून घ्यायची, म्हणजे पाणी एकाच जागी राहते आणि तुळयांपासून दूर. फरशीसाठी जाड थराऐवजी हलकी, कोरडी पद्धत वापरायची. खोलीची उंची कामी आणायची असेल तर पोटमाळा जुन्या भिंतींत न रोवता स्वतःच्या पोलादी पायांवर उभा करायचा, आणि तोही खालच्या मजल्याला तो भार झेपत असेल तरच. लिफ्टसाठी मागच्या चौकात वेगळ्या पायावर पोलादी चौकट उभारायची. जुन्या जिन्याला हात लावायचा नाही. वायरिंग भिंत न खोदता उघड्या नळ्यांतून न्यायची, म्हणजे दुरुस्तीही सोपी. भिंतींना चुन्याचा गिलावा आणि श्वास घेणारा रंग. तुळया उघड्या ठेवायच्या. आजच्या वास्तुरचनाकारांना हे सौंदर्य म्हणून आवडते आणि अभियंत्याला तपासणीसाठी सोयीचे पडते. दोघांचे हित इथे एकच आहे.

बाहेरच्या दोन शहरांचा अनुभव इथे थेट उपयोगी आहे. सिंगापूरने १९८९पासून आपली जुनी दुकानघरे जपायला सुरुवात केली आणि आज तिथे ७,०००हून अधिक इमारती संरक्षित आहेत. तिथल्या नगररचना प्राधिकरणाने काय ठेवायचे याची यादी छापून दिली: सामाईक भिंती, लाकडी सांगाडा, जिने, खिडक्या, छपरे आणि घराच्या मधला हवेचा चौक. उरलेल्यात नवे करायला मोकळीक. मालकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते की कशाला हात लावायचा नाही. दुसरे शहर फ्रान्समधले बोर्दो. तिथे १९६०च्या दशकातल्या सरकारी वसाहतीतल्या ५३० घरांना लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी, सहकाऱ्यांसह, बाहेरून खोल गॅलऱ्या जोडल्या, घरे मोठी आणि उजेडाची केली, आणि हे सगळे रहिवासी घरातच राहत असताना. या कामाला २०१९ मध्ये युरोपातला मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला. संक्रमण शिबिरात एक-दोन दशके काढलेल्या मुंबईकराला यातल्या कोणत्या गोष्टीचे अप्रूप वाटेल, हे सांगायला नको.

जवळचे उदाहरण पणजीचे. गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला गेल्यावर मांडवीच्या काठची त्याची जुनी इमारत रिकामी झाली होती. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा तिला नवा वापर मिळाला, आणि आज कलामहोत्सवांसाठी तीच इमारत शहरातली महत्त्वाची जागा आहे.

मुंबईच्या नियमांतही वाव आहे, हे आवर्जून सांगायला हवे. १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. त्या नियमांनी श्रेणी एकच्या वास्तूंत बदल जवळपास बंद केले. पण श्रेणी दोन आणि तीनमध्ये आतील बदल आणि नवा वापर तपासणीच्या अटीवर मान्य केला. कायदा आडवा येत नाही. अडचण अशी, की ‘आतील बदल’ म्हणजे नेमके काय आणि ते कसे करायचे, हे रहिवाशाला, कंत्राटदाराला किंवा वॉर्डातल्या कनिष्ठ अभियंत्याला कुणी सांगितलेले नाही. वारसा यादीबाहेरच्या हजारो इमारतींसाठी तर तेवढाही आधार नाही.

म्हणून या पत्रातून पाच विनंत्या.

पहिली, एक सचित्र पुस्तिका. लाकडी सांगाडा, गर्डर-कमान आणि जुने आरसीसी अशा तीन प्रकारांसाठी घरात काय करता येते, काय करू नये आणि कशासाठी अभियंता हवा, हे मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजीत छापून प्रत्येक वॉर्ड ऑफिसात आणि प्रत्येक उपकरप्राप्त इमारतीत पोहोचवावे. सुतार, गवंडी आणि प्लंबर यांना वाचता येईल अशी ती असावी.

दुसरी, ‘टेनंटेबल रिपेअर’च्या व्याख्येत जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती. लाकडी किंवा गर्डर-कमानीच्या मजल्यावर फरशी बदलणे, नवे स्नानगृह करणे आणि भिंत काढणे यांसाठी परवानाधारक अभियंत्याचा एक पानी दाखला सक्तीचा करावा. शुल्क नसावे आणि उत्तर आठवड्यात मिळावे. यासाठी कायद्यात बदल लागणार असेल तर तसा प्रस्ताव महापालिकेने राज्य शासनाकडे पाठवावा.

तिसरी विनंती ‘सी-१’ ठरवण्याच्या पद्धतीबद्दल. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे आणि दोन अहवालांत विरोध असेल तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते, ही व्यवस्था चांगली आहे. तिच्यात लाकूड, चुना आणि ओतीव लोखंड जाणणारा तज्ज्ञ कायमचा असावा. एस्प्लनेड मॅन्शनचे, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचे उदाहरण ताजे आहे. १८६०च्या दशकात इंग्लंडहून सुटे भाग आणून उभारलेली ही ओतीव लोखंडाची इमारत. ७ जुलै १८९६ रोजी देशातला पहिला चित्रपट-खेळ इथेच झाला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. एका तज्ज्ञ अहवालाने ती पाडावी असे सुचवले, तर संवर्धन क्षेत्रातल्या अभियंत्यांनी आणि वास्तुविशारदांनी ती दुरुस्त होऊ शकते असे सांगितले. इमारत एकच, मग निदान इतके वेगळे का? तपासणारा कोणत्या साहित्याचा जाणकार आहे, यावर निकाल ठरू नये. प्रत्येक ‘सी-१’ अहवालात दुरुस्तीचा अंदाजित खर्चही मांडलेला असावा, म्हणजे रहिवाशांना दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवता येईल.

चौथी, पैसा. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९च्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ दिली, पण ती मुळातच नगण्य भाड्यावर. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, पागडीच्या भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटत नाही. दुसरीकडे विकास नियमावलीच्या कलम ३३(७)खाली पाडून बांधणाऱ्याला ३ किंवा त्याहून अधिक चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. पाडण्याला एवढे मोठे बक्षीस असेल तर जपण्यालाही काहीतरी हवे. भाडे आणि निर्देशांक राज्य शासनाच्या हातात आहेत, मालमत्ता कर मात्र आपल्या. मंजूर पद्धतीने संरचनात्मक दुरुस्ती आणि अंतर्गत पुनर्रचना करणाऱ्या इमारतीला ठरावीक वर्षे मालमत्ता करात सवलत देण्याचा प्रस्ताव महापालिका मांडू शकते. यात हवामानाचाही हिशेब आहे: जगातल्या कार्बन उत्सर्जनात सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. उभी भिंत वापरात ठेवली तर तेवढे सिमेंट लागत नाही आणि तेवढा राडारोडाही निघत नाही.

पाचवी विनंती महापालिकेने स्वतः करून दाखवण्याची. शहर विभागात ए पासून जी-उत्तरपर्यंत नऊ वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डात एक जुनी महापालिका शाळा, दवाखाना, मंडई किंवा कर्मचारी वसाहत निवडून तिची नमुना म्हणून आतून पुनर्रचना करावी. महापालिकेकडे वारसा संवर्धन कक्ष आहे, फ्लोरा फाउंटनसारखे काम पार पाडल्याचा अनुभव आहे. काम सुरू असताना ते लोकांना पाहू द्यावे. तुळईचे टोक कसे बदलतात, भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा कसा लावतात, गंजलेली सळई उघडी करून आरसीसी कसे दुरुस्त करतात, हे तिथेच शिकवावे. सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधले होतकरू सुतार-गवंडी एकाच इमारतीत एकमेकांकडून शिकले, तर पुढच्या हजार इमारतींसाठी लागणारे हात त्यातूनच तयार होतील.

या नऊ इमारतींची निवड येत्या अर्थसंकल्पाआधी व्हावी आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद दिसावी, अशी अपेक्षा आहे. पुस्तिकेला तर अर्थसंकल्पाचीही वाट पाहायला नको. तिचा मसुदा महापालिकेचे अभियंते आणि शहरातले संवर्धन वास्तुविशारद मिळून पुढच्या पावसाळ्याआधी तयार करू शकतात. याद्या त्या वेळी पुन्हा लागतील. त्यांच्यासोबत प्रत्येक इमारतीच्या नोटीस बोर्डावर ही पुस्तिकाही लागावी, एवढी विनंती.

कळावे.

आपला,
मुंबईचा एक रहिवासी